ताईच्या कानापर्यंतची लाइन

किल्लीवाल्याला बेस गिटार वाजवताना पाहिलेली माणसं शहरात पुष्कळ होती. त्याला ऐकल्याचं मात्र कुणी शपथेवर सांगितलं नसतं.

दिवसा तो बाजारातल्या बुटांच्या दुकानाच्या जिन्याखाली बसून किल्ल्या बनवायचा. जागा एवढीशी, की कानस घासताना कोपर भिंतीला लागू नये म्हणून तो जरा तिरका बसायचा, आणि तसा तिरका बसून बसून आता चालायचाही तिरका. संध्याकाळी नखांतला पितळेचा कीस ब्रशने काढायचा, कुलूप लावायचा आणि बँडच्या तालमीला जायचा. बँड लग्नांत, वाढदिवसांत, कंपन्यांच्या समारंभांत वाजवायचा. पुढे गाणारी बाई, तिच्या एका बाजूला गिटारवाला, मागे ड्रमवाला, आणि कडेला, आवाज मोठा करणाऱ्या काळ्या ॲम्पच्या शेजारी, हा. बाईंना टाळ्या मिळायच्या, ड्रमवाल्याचे फोटो निघायचे. याच्याकडे कुणी आलंच तर हात धुवायची जागा कुठे आहे ते विचारायला यायचं.

घरी त्याची थोरली बहीण. तिला तो ताई म्हणायचा आणि हळूहळू इमारतीतला सगळा जिनाच तिला ताई म्हणू लागला होता. आई लवकर गेली तेव्हा याचे दुधाचे दात पडत होते आणि ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकती लागली होती. तिनेच त्याला वाढवलं, दटावलं, शिकवायचा प्रयत्न केला, आणि तो काही शिकेना तेव्हा हात टेकून त्याला पाहिजे ते वाद्य घेऊन दिलं. घेऊन दिलं म्हणून बोलायचा हक्कही तिचाच. प्रत्येक कार्यक्रमानंतर ती विचारायची, "काय रे, तू वाजवतोस की नुसता उभा असतोस? बाई ऐकू आली, ढोल ऐकू आला. तू काही आला नाहीस."

"मी खालच्या सुरांत असतो ताई. पायासारखा."

"मग पायाने वाजव. हात कशाला दुखवतोस?"

हा विनोद त्यांच्या घरात इतका जुना झाला होता की तो नाही झाला तर जेवण गोड लागत नसे. पण अलीकडे त्यातली गंमत गेली होती. ताईचे कान जात होते.

आयुष्यभर ज्या बाईने कानांवर पोट भरलं तिचेच कान जावेत, याचा किल्लीवाल्याला मनापासून राग यायचा. एक्स्चेंजमध्ये ताईच्या समोर भोकांनी भरलेला उभा बोर्ड असायचा. डोक्याला हेडफोन, ओठांपाशी माइक, दोन्ही हातांत पितळी टोकांच्या दोऱ्या. कुणी नंबर मागितला की दोरीचं टोक बरोबर त्या भोकात, पलीकडची घंटा ऐकायची, कुणी उचललं की म्हणायचं, "लाइन लागली, बोला." आणि मग स्वतः बाजूला व्हायचं. कित्येक लग्नं जुळली, कित्येक भांडणं मिटली, कित्येक मेल्याच्या बातम्या गेल्या त्या दोऱ्यांतून. पुढे यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेला, ताई चौकशीच्या खिडकीवर बसली आणि तिथूनच निवृत्त झाली.

आता आधी दारावरची बेल गेली. मग कुकरची शिट्टी गेली, पाखरं गेली, शेजारच्या पोरांचं चिवचिवणं गेलं. मग माणसांचे शब्द कडेकडेने झिजायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, दरवर्षी थोडं थोडं जाईल, किती राहील ते सांगता येत नाही. कानातलं मशीन दिलं, ते शिट्ट्या मारायचं. ताईने ते बटणांच्या डब्यात टाकलं. रडली-बिडली नाही. फक्त एका सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "सगळं बंद व्हायच्या आत एकदा तुला ऐकायचंय. गाणं नको. तू काय वाजवतोस, ते."

किल्लीवाल्याने कप खाली ठेवला. इतकी वर्षं तिने हे विचारलं होतं ते चेष्टेत. आता ती खरंच मागत होती, आणि त्याच्यापाशी देण्याजोगं दुसरं काही नव्हतं.

त्याने बँडमधल्या गिटारवाल्याला गाठलं. गिटारवाला म्हणाला, तुझा आवाज मुळातच चिखलात निघतो, तुला प्रीॲम्पचं पेडल पाहिजे. तारेतून निघणारा आवाज असतो कुजबुजीएवढा. हे पेडल तो उचलतं, जाड-बारीक काय हवं ते करून देतं, आणि मग मोठ्या ॲम्पकडे पाठवतं. किल्लीवाल्याने ते आणलं. विटेएवढा लोखंडी डबा, वर बटणांची रांग, आणि चारी अंगांना भोकं. एक गिटार घालायचं, एक ॲम्पकडे जायचं, एक तीन टाचण्यांचं, जे म्हणे सरळ रेकॉर्डिंगच्या यंत्राला जोडायचं. सोबतच्या कागदावरची अक्षरं मुंग्यांना वाचता येतील एवढी.

तो जमिनीवर वायरी पसरून बसला होता तेव्हा ताई आली. तिने एका वायरीचं टोक उचललं आणि ते नाकापाशी धरून बघतच राहिली. पितळी दांडी, टोकाला गोल डोकं, त्याखाली बारीक मान.

"हा तर आमचा प्लग आहे," ती म्हणाली.

"तुमचा कसा? गिटारचा आहे."

"अरे, मी हात फिरवून सांगते. आमच्या बोर्डाचा असाच होता. अस्साच!" तिने डोळे मिटले आणि वायर पेडलाच्या कडेला नेली. बोटाने भोक चाचपलं नाही, मान वाकवली नाही. खट्ट. प्लग आत. किल्लीवाल्याचा जन्म भोकांत धातू घालण्यात गेला होता, पण असं बसलेलं त्याने पाहिलं नव्हतं. म्हणजे तिने घेऊन दिलेल्या वाद्यात तो इतकी वर्षं जे खुपसत होता ते तिच्याच बोर्डावरून आलं होतं! तिला दुकानात वाद्य तेवढं दाखवलं होतं, वायर पिशवीत आली होती. दोघं भावंडं त्या पितळी काडीकडे बघत बसली. ताईला, तिनेच नंतर सांगितलं, आपला हात तरुण झाल्यासारखा वाटला.

पहिली जोडणी चुकली. त्याने पेडलातून निघालेली वायर ॲम्पच्या समोरच्या भोकात घातली, जिथे तो आधी गिटार घालायचा. पेडलाने आवाज उचलून जाड केला, ॲम्पने तो आपल्या पद्धतीने पुन्हा उचलून पुन्हा जाड केला, आणि पहिल्याच सुराला फळीवरची झाकणं नाचायला लागली. खिडकीची काच थरथरली. ताई पलंगावर बसली होती. तिने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं.

"ट्रक गेला का रे?"

किल्लीवाला शरमेने लाल झाला. बहिणीला ऐकवायला निघालो आणि तिला ट्रक ऐकवला! त्याने घाईघाईने सगळं बंद केलं. दुसऱ्या दिवशी गिटारवाल्याने सांगितलं की वायर ॲम्पच्या पाठीमागच्या भोकात घाल. तिथून घातली की ॲम्पचं स्वतःचं रंगकाम टळतं, तो फक्त आवाज मोठा करतो. तसं केलं आणि चिखल बसला. सूर सुटे सुटे व्हायला लागले.

इथे थांबून ताईला ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. पण माणूस आपल्या धंद्याच्या अकलेनेच सगळीकडे चालतो, आणि याचा धंदा घासायचा. किल्ली अडली तर ती काय करायची? घासायची. कोर काढायची, दात धारदार करायचे. ताईला ऐकू येत नाही ना, मग आवाज धारदार करू! त्याने पेडलाचं जाड आवाजाचं बटण उतरवलं, बारीक आवाजाचं चढवलं. "आता?" ताईने मान हलवली, नाही. आणखी उतरवलं, आणखी चढवलं. "आता?" नाही. आठवडाभर तो रोज दुपारी दुकान बंद करून घरी यायचा आणि आवाज तासायचा. शेवटी बेस गिटारचा आवाज टिनाच्या पत्र्यावर नखं मारल्यासारखा झाला. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, दुरुस्ती काय चाललीय? ताईला मात्र काहीच नाही. ती त्याच्या बोटांकडे बघायची आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून हसायची.

त्या हसण्याने तो खचला. त्याने मनात धरलं की संपलं, आपण उशीर केला. जिन्याखाली बसून कुणाच्या तरी तिजोरीची किल्ली घासताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि गिऱ्हाइकाला त्याने सांगितलं, कीस गेला.

अशात बँडचं रेकॉर्डिंग ठरलं. बाईंना आपली चार गाणी नीट करून ठेवायची होती. ताईला दिवसभर एकटं ठेवायचं म्हणजे त्याच्या जिवाला घोर, दूध उतू गेलं तरी तिला कळायचं नाही. म्हणून तो तिला बरोबर घेऊन गेला. पेडलाची बटणं त्याने तशीच ठेवली होती, ताईसाठी घासलेली. आशा अशी नव्हती. पण हलवायचा धीर झाला नाही.

स्टुडिओ एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. भिंतींना जाड राखाडी फोम, मध्ये मोठी काच. काचेच्या अलीकडे रेकॉर्डिंग करणारी मुलगी बसायची, केस पेन्सिलीने वर खोचलेले. पलीकडच्या खोलीत वाजवणारे. तिने किल्लीवाल्याच्या वायरी भराभर लावल्या. "काका, तुमच्या पेडलातून एक लाइन तुमच्या ॲम्पला जाईल, ती तुम्हाला ऐकायला. दुसरी ही तीन टाचण्यांची थेट माझ्याकडे. ॲम्प कितीही ओरडला तरी माझ्याकडे तुमचं वेगळं, स्वच्छ येणार." लाइन जोडताच खोलीत घूं असा गुणगुणता आवाज भरला. ॲम्प आणि रेकॉर्डिंगचं यंत्र दोन वेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडली गेली की असं होतं, ती म्हणाली, आणि वाकून तिने पेडलावरचं एक बारीक बटण दाबलं. घूं थांबलं. इतकी शांतता झाली की किल्लीवाल्याला आपल्या शर्टाचा आवाज ऐकू आला. त्या बटणाच्या शेजारीच आणखी एक तसंच बटण होतं. वाकलेल्या हाताला तेही लागलं आणि दाबलं गेलं. हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

काचेच्या अलीकडे वेगळंच चाललं होतं. ताई भिंतीसमोर उभी होती. भिंतीत एक लांब काळी पट्टी, पट्टीत भोकांच्या रांगा, आणि भोकांत अडकवलेल्या आखूड दोऱ्या, लाल, पिवळ्या, निळ्या. ताईचा हात पदराआडून अर्धा उचलला गेला आणि हवेतच राहिला.

"मावशी, तो पॅच बे आहे," मुलगी तिच्या कानाशी ओरडून म्हणाली. "वरच्या रांगेत वाजवणारे. खालच्या रांगेत, कुणाकडे पाठवायचं ते."

ताईला निम्मे शब्द कळले नसतील. पण तिला कळायची गरज नव्हती. "माझा बोर्ड," ती म्हणाली. "यांनी भंगारात टाकला म्हणून सांगितलं. इथे आहे!" देवळात उभं राहावं तशी ती उभी होती. त्या मुलीचंही मन थोर. तिने एक हेडफोन ताईच्या डोक्यावर चढवला, खालच्या रांगेतलं एक भोक दाखवलं, हा तुमचा कान, आणि एक मोकळी दोरी तिच्या हातात दिली. "कुणाला ऐकायचं ते तुम्ही लावा."

ताई स्टुलावर बसली आणि तिची पाठ ताठ झाली. दोरीचं एक टोक तिने आपल्या भोकात घातलं. पलीकडे गाणं सुरू झालं. तिने दुसरं टोक पहिल्या भोकात घातलं. तिथे बाई होत्या. ताईने थोडं ऐकलं, मान हलवली, काढलं. पुढचं भोक, गिटारवाला. नाही. पुढचं, ड्रम. काहीतरी धबधब, ओठ जरासे हलले, काढलं. किल्लीवाला काचेतून बघत वाजवत होता. आता आपलं. आता ती हसेल, वाईट वाटू नये म्हणून. त्याला ते हसणं बघवणार नव्हतं. त्याने मान खाली घातली.

दोरी आत गेली. खट्ट.

वर पाहिलं तर ताई हसत नव्हती. तिचं तोंड उघडं होतं. दोन्ही हातांनी तिने हेडफोन कानांवर दाबून धरला होता आणि एखादं मोठं जहाज अगदी जवळून जाताना बघावं तशी ती समोर बघत होती, समोर तर नुसती भिंत होती. तो एक सूर खाली उतरला, तिची हनुवटी खाली आली. तो वर चढला, तिची मान वर. तिला ऐकू येत होतं! किल्लीवाल्याच्या बोटांना गाणं पाठ होतं, ती चालत राहिली.

गाणं संपताच किल्लीवाल्याच्या हेडफोनमध्ये मुलीचा आवाज आला. "काका, छान आहे, पण तुमच्या पेडलाचं एक बटण दाबलेलं दिसतंय, जमिनीच्या बटणाशेजारचं. माझ्याकडे तुमच्या तारेचा कच्चा आवाज येतोय. पेडलात केलेलं काहीच येत नाहीये. ते बटण सोडून एकदा वाजवता?"

तो वाकला. बटण बाहेर आलं. त्याने तोच सूर वाजवला.

ताईचा चेहरा विझला. तिने हेडफोन चाचपला, दोरी चाचपली, प्लग काढून परत बसवला. मग समोरचं बोलायचं बटण तिने कुणी न सांगता दाबलं, अशी बटणं तिला ओळखावी लागत नव्हती, आणि त्याच्या कानात तिचा घाबरा आवाज आला. "कुठे गेलास? अरे, लाइन तुटली!"

किल्लीवाला वाकलेलाच राहिला. बोट बटणावर. बटण सोडलं की तिच्याकडे त्याचा आठवडाभर घासलेला आवाज जात होता. दाबलं की कच्ची तार. त्याच्या डोक्यात सगळं एकदम फिरलं, बेल, कुकर, पाखरं, पोरं, जे जे गेलं ते ते सगळं बारीक. जाड काहीच गेलं नव्हतं. जिन्यावरची पावलं तिला अजून कळायची. ड्रमची धबधब कळली होती. तिच्या कानात जेवढी जागा उरली होती ती सगळी खालच्या सुरांची होती, त्याच्या सुरांची, आणि तो मूर्ख कानस घेऊन तेवढाच भाग रोज घासून टाकत बसला होता. सगळं जग तिच्या कानातून निघून गेलं होतं आणि एक हाच मागे उरला होता, ज्याला आजवर कुणी ऐकलं नव्हतं. त्याला हसू आलं, रडू आलं, आणि देव असेल तर त्याच्याही विनोदबुद्धीची त्याला कमाल वाटली.

त्याने बटण दाबलं. वाजवलं.

"आलास," ताई म्हणाली. बाईंनी त्याच्याबरोबर ओळ धरली, तशी ती काचेतून बाईंच्या ओठांकडे बघत राहिली. मग, "तू बाईच्या आधी जातोस. ती जिथे येणार असते, तिथे तू आधीच जाऊन उभा असतोस. मग ती येते."

"हो, ताई." तिला ते ऐकू येणार नव्हतं. त्याने मान हलवली.

"इतकी वर्षं हे करतोस?"

त्याने पुन्हा मान हलवली.

"आणि मला वाटलं..." तिने हेडफोन आणखी घट्ट धरला. "अरे, त्या दिवशीचा तो ट्रक. तो तूच होतास!"

बाई हसल्या, ड्रमवाला हसला, काचेमागची मुलगी हसता हसता डोळे पुसायला लागली. मुलीने हाताने विचारलं, बटण कसं ठेवणार? किल्लीवाल्याने पेडलावर पाय ठेवला, कुणी हात लावायचा नाही अशा थाटात. चारही गाण्यांत त्याचा आवाज कच्चाच गेला. बोटांची घसट, तारेचा खरखराट, सगळ्यासकट. बाईंनी नाक मुरडलं नाही. मुरडलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

पुढच्या गाण्याआधी सगळे आपापल्या जागी गेले. काचेमागे ताईने पाठ ताठ केली, पदर खांद्यावर नीट घेतला, दोरी एकदा बोटाने दाबून बघितली. तिने बोलायचं बटण दाबलं. ज्या भावाला तिने जन्मभर अरे-तुरे केलं त्याच्याशी ती आपल्या कामाच्या आवाजात बोलली. तो आवाज किल्लीवाल्याने लहानपणी एकदा, तिच्या पाठीमागे बाकावर पाय हलवत बसून ऐकला होता.

"लाइन लागली," ताई म्हणाली. "बोला."

किल्लीवाल्याने सगळ्यात जाड तारेवर बोट ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली.